चंद्रभागाचा नंबर चालू आहे

मखमलाबाद, १९ मे २०२५

वेदे,

हे पत्र बुद्धभूषण वकिलांच्या मुंबईच्या पत्त्यावर टाकतो आहे. ते म्हणाले, तुम्ही लिहा, मुलीपर्यंत पोचवायचं माझ्याकडे लागलं. तू कुठे राहतेस ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन करू नका, एवढं मात्र दोनदा बजावलं.

काल घरी दोघं आले होते. साध्या कपड्यांत. मी झेंडूला पाणी सोडून नुकताच ओट्यावर टेकलो होतो. एकाने बूट काढले, दुसऱ्याने काढले नाहीत. बूट न काढलेला साहेब असावा. आवाज मऊ, बोलणं अगदी घरच्यासारखं.

म्हणाला, "काका, दिवस कलला की तुम्ही विहिरीजवळच्या जांभळीखाली उभे राहून बोलता ना?"

मी म्हणालो, "रेंज तिथंच येती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

या माणसाला मी जन्मात पाहिलेला नाही. तो आमच्या मळ्यात कधी आलेला नाही. मग त्याने खिशातून घडी केलेले कागद काढले आणि माझे दिवस मला वाचून दाखवायला लागला. फेब्रुवारीत डॉक्टरांना लागोपाठ फोन. मग तपासणीच्या लॅबला. मग पुन्हा डॉक्टरांना. त्यानंतर काही नाही. "रिपोर्ट चांगला आला वाटतं," असं म्हणून हसला.

वेदे, ही गोष्ट मी तुलाही सांगितली नव्हती. आता त्यांना ठाऊक आहे म्हटल्यावर तुला ठाऊक नसावं हे बरं दिसत नाही. मानेला गाठ आली होती. साधी निघाली. काळजी करू नकोस.

मग त्याने एका नंबरावर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

"माझ्या बायकोचा."

"चंद्रभागाबाई. कार्तिकात वारल्या ना?"

"हो."

"मग रोज संध्याकाळी बोलता कोणाशी?"

मी म्हणालो, "बोलत नाय. नुसती रिंग ऐकतो. मनाला बरं वाटतं."

त्याने कागद उलटा करून पुन्हा सुलटा केला. "काका, रिंग अर्धा-पाऊण तास वाजत नाही. हा नंबर चालू आहे. रिचार्ज तुमच्या मुलीच्या खात्यातून होतो. आणि पलीकडे कोणीतरी उचलतं."

मी चहा घ्या म्हणालो. त्याने घेतला, कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. त्याला मोरी कुठे आहे ते विचारावं लागलं नाही.

ही सगळी तुझ्या त्या बातमीची वरात आहे. पिकअप चालवणारा गोटीराम चोरीच्या संशयावर हायवेवरच्या ठाण्यात नेला आणि तिथेच गेला. ते म्हणाले, न्हाणीत पाय घसरला. तू छापलंस की त्याला मारलं आणि त्या वेळी कॅमेरा बंद होता. आतल्या माणसाशिवाय हे कोणाला कळणार? आता त्यांना तो माणूस पाहिजे. तू नोटीस घेऊन घरी आलीस तेव्हा मी म्हणालो होतो, नाव सांगून टाक आणि मोकळी हो, नावाला काय एवढं धरून बसायचं. तू चहा तसाच ठेवून उठलीस. मी फाटकापर्यंतही आलो नाही.

फूलबाजारात आता माझ्या गाळ्यापुढे कोणी रेंगाळत नाही. आपला आडत्या संतोष हळूच येऊन म्हणाला, "कारभारीशेठ, थोडे दिवस फोन नका करू. भाव मी गाडीवाल्याकडून कळवतो." त्यालाही ठाण्यातून फोन आला होता. डॉक्टरांकडे गेलो तर कंपाउंडर म्हणाला, साहेब भेटणार नाहीत. माझा फोन दिवस-दिवस वाजत नाही. वाजला तर पलीकडे कोणी नसतं.

एकच विचारतो. तुझ्या आईचा फोन कपाटात तिच्या हिरव्या लुगड्याच्या घडीत होता. पौषापासून तो तिथे नाही. तू नेलास का?

नाना

२ जून २०२५

वेदे,

हे पत्र शुभांगीच्या हाती देतो आहे. वकिलांची ही मदतनीस मुलगी गुलाब घ्यायला आल्यासारखी आली, दोन जुड्यांमध्ये तुझं पत्र ठेवून गेली. तिने सांगितलं की माझं पहिलं पाकीट तुमच्याकडे पोचलं तेव्हा त्याला दोनदा डिंक लावलेला होता. म्हणून आता हाताहाती. वाचून झालं की जाळ.

तू लिहिलंस, "नाना, तुमच्या फोनने त्या व्यक्तीचा घात केला." व्यक्ती लिहिलंस. बाई आहे ते मला ठाऊक आहे. पुरुष असा श्वास धरून ऐकत नाही.

आता माझंही ऐक. आईचा फोन तू मला न विचारता नेलास आणि तिच्या हाती दिलास. तिचा नंबर कोणाच्या लक्षात येणार नाही, मुलीने आईला फोन लावला तर कोण विचारणार, असा तू हिशेब केलास. हुशारीचं काम केलंस. पण घरात मी होतो, वेदे. त्या नंबराला मीही काहीतरी लागत होतो.

कसं झालं ते सांगतो. तुझा चुलतभाऊ योगेश आला होता. त्याला आईच्या फोनातला रोपवाटिकेवाल्याचा नंबर पाहिजे होता. कपाटात फोन दिसेना. म्हटलं रिंग देऊन बघू, कुठे वाजतो ते कळेल. मी लावला. माझ्या कानात रिंग वाजत होती आणि घरात कुठेच आवाज नव्हता. मी ट्रंक उघडली, पिठाचा डबा हलवून पाहिला, गाद्यांना कान लावला. आणि गादीला कान लावलेला असतानाच पलीकडे कोणीतरी उचललं.

"कोण बोलतंय?" मी म्हणालो.

काही नाही. मागे कुठेतरी ट्रकचा हॉर्न. मग श्वास.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चंद्रे?"

श्वास थांबला. फोन मात्र बंद झाला नाही. शेवटी मीच घाबरून बंद केला. योगेशला म्हटलं, हरवला वाटतं फोन.

मी खुळा नाही. तुझ्या आईला मी माझ्या हाताने अग्नी दिला. अस्थी रामकुंडात सोडताना तूच माझा दंड धरला होतास. तरी दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात मी विहिरीजवळ गेलो आणि पुन्हा लावला. पुन्हा उचलला. मी बोललो. गुलाबावर भुरी पडली आहे म्हणालो. मोटार जळाली म्हणालो. पुढे रोज बोलायला लागलो. कधी उचललं जायचं, कधी नाही. पलीकडून एक शब्द नाही. पण मी गप्प बसलो की पलीकडची शांतता वाट बघायची. हे तुला कळणार नाही. बाहेर कोणाला सांगितलं असतं तर मला देवऋषीकडे नेलं असतं.

पहिले काही दिवस मला खरंच वाटायचं की तीच आहे. मग एकदा भीती वाटली की ती नाही. आणि मग असं झालं की दोन्हीतलं कुठलंच वाटेना, फक्त दिवस कलायची वाट बघायचो.

फेब्रुवारीत गाठीचा रिपोर्ट यायचा होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. म्हणालो, उद्या कळेल काय ते, घास उतरत नाही. मग आवाज आला, "जेवलात का तुम्ही?"

तुझ्या आईचा आवाज नव्हता. तरणी बाई होती. हेल पेठ-सुरगाण्याकडचा. एवढं विचारलं आणि फोन बंद केला. पुन्हा कधी बोलली नाही.

त्या दिवशी मला कळलं की पलीकडे जितंजागतं माणूस आहे. तुझं म्हणणं, तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. कोण, कुठली, तुझा तिच्याशी काय संबंध, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. ठाऊक असतं तर थांबलो असतो का? असतो, असं लिहायला हात उचलत नाही.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे, की तुम्ही तिला रोज फोन करत होतात म्हणून तो नंबर त्यांच्या नजरेत भरला, नाहीतर माझे तिला चार-दोनच फोन होते. ती ओळ मी पुन्हा वाचली नाही. एकदा पुरे झाली.

आता फोन करत नाही. संध्याकाळी विहिरीकडे जातही नाही. कालव्याच्या भरावावर पांढरी गाडी उभी असते. आत कोण असतं ते दिसत नाही. काच कधी खाली होत नाही.

नाना

१७ जून २०२५

वेदे,

शुभांगी उद्या येईल. त्याआधी हे लिहून ठेवतो. माझी तब्येत बरी आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

शनिवारी मला हायवेवरच्या त्या ठाण्यात बोलावलं. जबाब घ्यायचा आहे म्हणाले. योगेश मोटारसायकलवर घेऊन गेला, त्याला बाहेर थांबवलं. मी नेहमीची कापडी पिशवी घेतली होती. टॉवेल, बीपीच्या गोळ्या, पाण्याची बाटली.

तोच मऊ आवाजाचा साहेब होता. त्याने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. म्हणाला, "काका, तो फोन एका टॉवरखाली आहे. त्या टॉवरखाली बाजार आहे, एसटी स्टँड आहे, कॉलेज आहे. आणि हे ठाणं आहे. बाजारातलं कोणी तुमच्या मुलीला ठाण्यातल्या गोष्टी सांगणार नाही."

मग त्याने सगळ्यांना बोलावलं. ठाण्यातली सगळी माणसं एका खोलीत भिंतीला लागून उभी राहिली. दार लावलं. माझ्यासमोर माझाच फोन ठेवला.

"लावा," म्हणाला. "रोजची वेळ झाली."

वेदे, मी आयुष्यात एवढी शांत खोली पाहिली नाही. पंखाही बंद केला होता. मी नंबर दाबला. स्पीकरवर रिंग वाजायला लागली. सगळे जण माझ्याकडे बघत होते आणि साहेब त्यांच्या खिशांकडे बघत होता. कोणी हललं नाही. रिंग संपली.

"पुन्हा," साहेब म्हणाला.

पुन्हा लावला. या वेळी त्याने स्पीकरचा आवाज अगदी बारीक केला. आणि मग ते ऐकू आलं. भुंगा लाकडात शिरतो तसा आवाज. घुं, घुं. थांबून पुन्हा घुं. खोलीतून नव्हता. उजवीकडच्या बोळातून येत होता. बोळाच्या टोकाला कोठडी आहे. कोठडी रिकामी होती. गोटीराम तिथेच गेला होता.

सगळ्यांनी माना वळवल्या. लहानू नावाचा एक हवालदार आहे, केस पिकलेले, पोट सुटलेलं. साहेब त्याला म्हणाला, "लहानू, बघ आत." लहानूने पाऊल उचललं नाही. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. साहेबाने दुसऱ्याकडे पाहिलं, तो पायाकडे बघायला लागला. भुंगा आत घुमतच होता.

मग एक शिपाई बाई पुढे झाली. बोळात गेली. आवाज थांबला. ती बाहेर येऊन म्हणाली, "काही नाही, साहेब. रिकामं आहे."

हेल पेठ-सुरगाण्याकडचा.

वेदे, मी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या फोनच्या काचेकडे बघत बसलो. तुझ्या आईचं नाव त्यावर अजून दिसत होतं. मला वाटलं, मी एकदा जरी मान वर केली तरी या माणसाला सगळं कळेल. त्याला न विचारता आपल्या घरातली मोरी सापडली होती.

साहेब म्हणाला, "दार उघडायचं नाही. सगळ्यांनी फोन टेबलावर ठेवा. झडती होईल. बायांची झडती घ्यायला मॅडमला बोलवा. आणि कोठडी पुन्हा बघा, नीट."

तेवढ्यात मी पडलो. पडलो की स्वतःला पाडलं ते माझं मलाही सांगता येत नाही. छातीत खरंच दुखत होतं. खुर्चीवरून खाली आलो, डोकं फरशीवर आपटलं. धावाधाव झाली. कोणी म्हणालं पाणी, कोणी म्हणालं गाडी. माझ्या डोळ्यांसमोर अंधार होता, पण कान जागे होते. साहेबाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "याला आधी बाहेर काढा. आणखी एक नको इथं."

कोणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं. पिशवीतली बाटली काढून ओठांना लावली. त्या बाईच्या छातीवरची नावाची पट्टी माझ्या डोळ्यांच्या अगदी जवळ होती. मी वाचली. माझ्या कानाशी ती हळू म्हणाली, "जेवलात का तुम्ही?" आणि बाटली परत पिशवीत ठेवली.

योगेशने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलं होतं, घरी जा, आराम करा. परत येताना मी कालव्यावर थोडा थांबू म्हणालो. योगेश लघवीला गेला. गोळी घ्यायला पिशवीत हात घातला, तर टॉवेलच्या घडीत तुझ्या आईचा फोन होता. बंद केलेला.

योगेश हाकेवर असताना, वाहत्या पाण्याशेजारी मी तो हातात धरून बसलो होतो, आणि सांगतो, मला त्याला हात लावायची भीती वाटत होती. इतके महिने मी ज्याच्याशी बोललो तो हाच. पाठीमागे तिची कुंकवाची लाल बोटं उमटली होती ती तशीच होती.

बॅटरी काढली. फोनचं काय केलं ते लिहीत नाही.

नाना

८ जुलै २०२५

वेदे,

तुझं पत्र मिळालं. तू "माफ करा" असं लिहिलंस त्याची गरज नव्हती. मीही तुला ते लिहिणार होतो, लिहिता आलं नाही, तेव्हा फिटंफाट समज.

ठाण्यातल्या बातम्या योगेश आणतो. त्याच्या मित्राची तिथे समोर चहाची टपरी आहे. झडतीत कोणाकडे काही सापडलं नाही. कोठडीतली फरशी उकरली, पाण्याचा ड्रम हलवला, खिडकीच्या कोनाड्यात हात घालून पाहिले. काही नाही. पण आवाज तर सगळ्यांनी ऐकला होता. साहेबासकट. आता लोक म्हणतात, मेलेल्या बाईचा फोन मेलेल्या माणसाच्या कोठडीत वाजला. गोटीरामने उचलला म्हणतात. दाराला लिंबू-मिरची लागली आहे. कोठडीत कोणाला ठेवायचं झालं तर दुसऱ्या ठाण्यात पाठवतात.

लहानू तर म्हणतो, रोज दिवस कलला की आत घुंघुं होतं. बॅटरी इथे माझ्याकडे आहे, वेदे. वेगळी काढून ठेवलेली. मला सगळं ठाऊक आहे, कोणी लपवला, कोणी आणला, कसा आला. तरी मी हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगू? त्या वेळेला मलाही ऐकू येतं. कोठून येतं ते कळत नाही. विहिरीकडे गेलो तर घरातून आल्यासारखं वाटतं, घरात आलो तर विहिरीकडून. कानाचं काही असेल.

रविवारी साहेब एकटाच आला. या खेपेला कागद नव्हते. ओट्यावर बसला, माझ्या तब्येतीची चौकशी केली. डोळे सुजलेले होते.

म्हणाला, "काका, तुम्हाला ठाऊक आहे."

"काय?"

"कोण आहे ते. तुम्ही त्या दिवशी मान वर केली नाही. निर्दोष माणूस मान वर करतो." मग माझ्याकडे सरकला. "एक नाव द्या. लिहून नको, नुसतं तोंडाने. तुमची मुलगी उद्या घरी येईल. नोटीस मागे, सगळं मागे. तिच्यावर माझा राग नाही. मला फक्त माझ्या घरातलं माणूस पाहिजे."

तुझी खोली त्याच्या पाठीमागे होती. दार उघडं होतं, पलंगावरची चादर दिसत होती. मी रोज झटकतो. एक नाव. मला ते नाव ठाऊक होतं, वेदे. पट्टीवरची अक्षरं डोळे मिटले तरी दिसतात. माझ्या जिभेवर ते अगदी पुढे आलं होतं. मीच तुला म्हणालो होतो ना, नावाला काय एवढं धरून बसायचं.

मी म्हणालो, "साहेब, मी बायकोला फोन लावत होतो. दुसरं कोणी मला ठाऊक नाय."

"तुमची बायको वारली आहे."

"म्हणून तर लावत होतो."

तो उठला. फाटकाजवळ थांबून म्हणाला, "तुम्हाला तो आवाज अजून ऐकू येतो का हो?" तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं, त्याने हे पोलीस म्हणून विचारलं नव्हतं.

तू त्या दिवशी चहा सोडून का उठलीस ते मला परवा कळलं. तिचं नाव या पत्रातही लिहीत नाही. शुभांगीलाही सांगितलं नाही. तुला ते ठाऊक आहेच, पण माझ्या हाताने नको.

वकील म्हणतात, मीही हायकोर्टात अर्ज करावा. मी आरोपी नाही, पत्रकार नाही, माझे फोन कोणाच्या परवानगीने काढले, डॉक्टरांचे, आडत्याचे कोणी काढायला सांगितले, एवढंच विचारायचं. मी सही केली.

नाना

२४ ऑगस्ट २०२५, पोस्टाने

वेदे,

हे पत्र मुद्दाम पोस्टाने टाकतो आहे. ज्यांना मधे वाचायचं आहे त्यांनी वाचावं, डिंक मात्र बेताने लावावा.

बातम्या तू वाचल्या असशील, तरी सांगतो. लहानू हवालदार आपणहून मॅजिस्ट्रेटपुढे गेला. गोटीरामला कोणी मारलं, कॅमेरा कोणी बंद करायला सांगितला, सगळं बोलला. त्याला विचारलं, आजवर गप्प का होता. तो म्हणाला, मला झोप लागत नाही. पेपरात एवढंच आलं आहे. गोटीरामच्या बायकोला, नवसाबाईला, शवविच्छेदनाची प्रत अखेर मिळाली. ती कागद उराशी धरून कोर्टाच्या पायरीवर बसली होती, असा फोटो होता. तिच्या हाती त्याहून जास्त अजून काही पडलेलं नाही.

आपल्या अर्जावर कोर्टाने विचारलं, पत्रकाराचे आणि तिच्या बापाचे फोन तपासायचा हुकूम कोणत्या सहीने निघाला, तो कागद दाखवा. त्यांनी मुदत मागितली. पुन्हा मुदत मागितली. तारीख पुढे गेली आहे. तोवर तुला हजर राहण्याची सक्ती नाही, असं लिहून मिळालं. मऊ आवाजाचे साहेब रजेवर आहेत.

वकिलांनी माझ्या प्रतिज्ञापत्रासाठी विचारलं, फोन कोण उचलायचं? मी सांगितलं, बायकोचा नंबर लावायचो, बोलायचो मी एकटाच. तसंच लिहिलं आहे. खोटी शपथ निघाली तर शिक्षा होते, हेही त्यांनी समजावलं. मी म्हटलं, होऊ द्या. तुझ्या आईचा फोन घरातच कुठेतरी हरवला आहे, सापडत नाही.

मळ्याचं बरं आहे. शेवंतीला कळ्या धरल्या. गणपतीला झेंडूला भाव मिळेल असं संतोष म्हणतो. तो आता फोन करतो. मोगऱ्याचं एक रोप इथल्या मातीत राहील असं वाटत नव्हतं म्हणून दुसरीकडे लावायला दिलं होतं. परवा कळलं, रुजलं आहे. नवी पालवी आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. येशील तेव्हा ये. मी फाटकाशी असेन.

तुझ्या चिठ्ठीत शेवटी एकच ओळ होती, "नाना, ती बरी आहे का?"

कोण ती, वेदे? मी तर कोणाला ओळखत नाही.

तुझा नाना